खिडकी नंबर तीन

भाच्याने कुठूनसा जुना ड्राइव्ह मिळवला
आणि माझ्या कपाटातली ती फ्लॉपी वाचली एकदाची,
पापडासारखी लवलवणारी, वर बॉलपेनने :
गॅस. टोकेकर. हात लावू नये.

काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं.
तू रामबागेत एका खोलीत आहेस. अंधार आहे.
घरातला गॅस संपला आहे.
पूर्वेला दार. पश्चिमेला आई.
आता काय करून राहिलास?

खेळ एवढाच. सिलिंडर मिळवायचं.
चित्र नाही, बंदूक नाही, टुंई नाही की टांई नाही.
रोमन अक्षरांत मराठी टाइप करायचं, एक नाम, एक क्रियापद,
आणि मशीनने आपला उद्धार करायचा.
पश्चिमेला जा : आता तुझ्याकडे दळणाचा डबा आहे.
डबा टाक : आईसमोर टाकून दाखव.
दार खा : पोहे मिळाले नाहीत म्हणून इतकं?
दाखल्याला रेशनकार्ड हवं, रेशनकार्डाला दाखला,
दोघांच्या मधे कुत्रा,
रतलामी शेव घातली तर चावणारा,
इंदुरी घातली तर विचार करणारा.

सियागंजात मिरचीच्या गोदामावर होता आमचा क्लास.
साल सत्त्याऐंशी. एक मशीन, नऊ जण, सतत शिंका.
रात्री चौकीदाराला बिडी देऊन
गजा टोकेकर आत बसायचा.
त्याच्या खेळाला त्रेसष्ट शब्द यायचे.
टोकेकरला सगळेच यायचे,
दातांपाशी येऊन थांबायचे.

सराफ्यात त्याने 'क' धरला
की आम्हीच घाईने पुरा करायचो : भिया, एक कचोरी!
निमूट खायचा.
दोन हिवाळ्यांनी कळलं,
त्याला कुल्फी हवी असायची.

फ्लॉपी फिरली. देवास, महू,
उज्जैनला एका कंडक्टरच्या पंचांगात दडून गेली.
हॉल तिकिटांच्या पाठीवर नकाशे निघाले.
भोपाळच्या कुणीतरी कुत्र्याला
आपल्या प्राचार्यांचं नाव दिलं, तीच प्रत जास्त चालली.
पण खिडकी नंबर तीनच्या पुढे
कुणी कधी गेलं नाही.

तिथे कारकून बसलेला.
त्याला विचारलं की उमटायचं
सि
मग बऱ्याच वेळाने
सि सि
मग नुसता लुकलुकता चौकोन.
आम्ही एंटर दाबायचो, स्पेस दाबायचो, मशीनला चापट.
तत्क्षणी : तू रामबागेत एका खोलीत आहेस.
आमचं निदान, फ्लॉपीत मिरची गेली.
मीच सांगितलं त्याला, तोंडावर,
टोकेकर, तुझा प्रोग्राम अडकतो रे.
तो हसला. 'अ' म्हणाला.
आम्ही म्हटलं, असू दे, असू दे.

पुढे तो खताच्या कुठल्याशा कारखान्यात लागला म्हणे.
कोरबा की कोटा,
तेही कुणी नीट ऐकून घेतलेलं नाही.

भाच्याचं मशीन आजच्या वेगाने पळतं.
कुत्रा, दाखला, शिक्का, खिडकी,
आणि पापणी लवायच्या आत कारकून सरळ बोलून मोकळा :
सिलिंडर संपलेत. उद्या या.
शंभरपैकी शंभर गुण.

'बस, एवढंच?' भाचा म्हणाला.
'मधे नुसती एक रिकामी लूप आहे, मावशी.
आकडे मोजत बसते, काम काही करत नाही.
मोजताना बटण दाबलं तर हाकलते.'

मी म्हटलं, वेग कमी कर.
किती?
सत्त्याऐंशीइतका.

पुन्हा खोली. पुन्हा आई, दळण, कुत्रा.
खिडकी.
सि
मी दोन्ही हात मांडीवर घेतलेत.
खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घेतंय,
शेजारी कुकरची दुसरी शिट्टी, तिसरी.
सि सि
भाचा पुढे झुकतो, 'हँग झालं, एंटर मार.'

हात काढ, मी म्हणते.
तो बोलतोय.